फेस्तुबेरचा चर : लेफ्टनंट फ्रँक डी पासचं प्रकरण

पहिलं महायुद्ध चालू असताना, १८ फेब्रुवारी १९१५ च्या 'लंडन गॅझेट'मध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, एका लेफ्टनंटबद्दल दोन वाक्यं छापून आली. पहिल्याचा मतलब असा : फ्रान्समधल्या फेस्तुबेरजवळ २४ नोव्हेंबर १९१४ ला हा अधिकारी जर्मनांच्या चरात शिरला, समोरून हातबॉम्ब येत असताना त्याने तिथला आडवा बांध उडवून दिला आणि नंतर उघड्यावर पडलेल्या एका जखमी माणसाला जोरदार गोळीबारातून सोडवून आणलं. दुसरं वाक्य सांगतं, की शत्रूने तो चर पुन्हा बळकावला आणि तो घेण्याच्या दुसऱ्या प्रयत्नात, त्याच दिवशी, या अधिकाऱ्याचा जीव गेला. अधिकाऱ्याचं नाव फ्रँक अलेक्झांडर डी पास, रेजिमेंट ३४ वी प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर्स ओन पूना हॉर्स, सन्मान व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक.

या दोन वाक्यांत 'ज्यू' हा शब्द कुठेही नाही. घोडाही नाही, आणि चरात त्याच्याबरोबर गेलेली माणसंही नाहीत. आज मात्र डी पासचं नाव निघालं की पहिल्याच दमात सांगितलं जातं ते हे, की व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा हा पहिला ज्यू. लढाईत काय घडलं आणि नंतर त्याला कोणती नावं चिकटली, या दोन गोष्टी वेगळ्या करून बघायच्या तर हे प्रकरण बरं आहे. ते लहान आहे, त्याचा बराचसा तपशील शिल्लक आहे, आणि आपल्या पुण्याचं नाव त्यात अगदी मध्यभागी आहे.

पुण्याचं नाव

पूना हॉर्सचा जन्म पेशवाईच्या शेवटच्या वर्षातला. जून १८१७ मध्ये इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या गळी पुण्याचा तह उतरवला. त्या तहान्वये ५,००० घोडदळ आणि ३,००० पायदळाच्या खर्चासाठी पेशव्यांना मुलूख तोडून द्यावा लागला. त्यातून उभं राहिलेलं घोडदळ म्हणजे 'पूना ऑक्झिलिअरी हॉर्स'. थोडक्यात, पैसा पेशव्यांचा आणि हुकूम कंपनीचा. सहा-सात महिन्यांत, १ जानेवारी १८१८ ला, याच घोडदळाचे अडीचशेच्या आसपास स्वार कोरेगावला कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीबरोबर पेशव्यांच्या फौजेविरुद्ध उभे होते. कोरेगावचं नाव रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत आजही आहे. त्या दिवशी स्वारांचं नेतृत्व करणारा होता लेफ्टनंट स्वॅन्स्टन. हे आडनाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

शंभर वर्षांनी या रेजिमेंटचं पुण्याशी नातं मुख्यतः नावापुरतं उरलं होतं. १९१४ साली ती सिकंदराबाद घोडदळ ब्रिगेडमध्ये होती. बरोबर गोऱ्यांची ७ वी ड्रॅगून गार्ड्स आणि २० वी डेक्कन हॉर्स. पूना हॉर्सच्या स्वारांत राठोड राजपूत होते, मुसलमान होते. भरती मात्र अजून शिलेदारी पद्धतीची होती. शिलेदार आणि बारगीर यांतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगायला नको : ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला सरकारी घोडा मिळतो तो बारगीर. इंग्रजांनी ही व्यवस्था जवळजवळ जशीच्या तशी उचलली होती. स्वार भरती होताना घोड्यासाठी रक्कम भरायचा आणि सेवा संपली की ती परत घ्यायचा. शांततेच्या काळात हे स्वस्तात पडायचं. समुद्रापलीकडच्या लांबलचक युद्धात तिचं कंबरडं मोडलं आणि युद्धानंतर ती गुंडाळण्यात आली. पण तो वेगळा विषय.

माणूस

डी पासचा जन्म २६ एप्रिल १८८७ चा, लंडनमधल्या केन्सिंग्टनचा. घराणं सेफार्दी, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यूंच्या परंपरेतलं आणि इंग्लंडमध्ये कित्येक पिढ्या रुजलेलं. वडील एलियट आर्थर डी पास वेस्ट इंडीजशी व्यापार करणारे. मुलगा रग्बीच्या शाळेत गेला, तिथून १९०४ साली वूलिचच्या रॉयल मिलिटरी अकॅडमीत.

इथे थोडं थांबायला हवं. कारण पुढे फेस्तुबेरला जे घडलं त्याची एक किल्ली वूलिचमध्ये आहे, आणि ती सहसा कुणी उचलत नाही. घोडदळात किंवा पायदळात जाऊ इच्छिणारी श्रीमंत घरची मुलं सँडहर्स्टला जात. वूलिच ही तोफखान्याची आणि इंजिनिअरांची शाळा होती. तिथे गणित लागायचं, तटबंदी आणि स्फोटकं शिकावी लागायची. डी पास १९०६ साली तिथून बाहेर पडला तो रॉयल फील्ड आर्टिलरीचा अधिकारी म्हणून. पूना हॉर्समध्ये तो आला १९०९ साली. म्हणजे आपण ज्याला घोडदळाचा अधिकारी म्हणतो आहोत तो मुळात तोफखान्याचा माणूस. घोड्यावरची त्याची मांड उत्तम होती, पोलो खेळायचा, सगळं खरं. पण फेस्तुबेरच्या चिखलात पोलो कामाला आला नाही, वूलिच आलं.

नोव्हेंबर १९१३ मध्ये तो हिंदुस्थानातल्या चीफ ऑफ द जनरल स्टाफचा, सर पर्सी लेक यांचा, ऑर्डर्ली अधिकारी झाला. ही जागा तरुण अधिकाऱ्याच्या पुढच्या प्रवासाची खूण असते. युद्ध लागलं तेव्हा त्याला अठ्ठाविसावं वर्ष चालू होतं आणि तो रेजिमेंटबरोबर फ्रान्सला निघाला.

घोडदळ पायी

सप्टेंबर-ऑक्टोबर १९१४ मध्ये हिंदी फौजा फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात उतरल्या. ब्रिटनची आधीची छोटी फौज ऑगस्टपासून रक्तबंबाळ झाली होती आणि आघाडीतली भोकं बुजवायला माणसं हवी होती. त्यामुळे घोडदळाला घोडे मागे ठेवून खंदकात जायला सांगण्यात आलं. हे ऐकायला सोपं वाटतं. पण घोडे मागे ठेवायचे म्हणजे त्यांना दाणापाणी करायला माणसंही मागे ठेवायची. आधीच घोडदळाच्या रेजिमेंटची संख्या पायदळाच्या पलटणीपेक्षा बरीच कमी, त्यातून हे वजा झालं की खंदकात उभी राहणारी रांग अगदीच विरळ. कडाक्याची थंडी पडली होती. जमीन अशी सखल, की दोन-तीन फूट खणलं की पाणी लागायचं, त्यामुळे खंदक खोल जाण्याऐवजी मातीच्या पोत्यांनी वर उभारावे लागत.

रेजिमेंटला पहिला मोठा धक्का २ नोव्हेंबरला नव्ह शापेलजवळ बसला. तिचा कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल स्वॅन्स्टन तिथे मारला गेला. कोरेगावच्या वेळचं तेच आडनाव, ९६ वर्षांनी, त्याच रेजिमेंटच्या शिरोभागी.

मग फेस्तुबेर. २३ नोव्हेंबरला जर्मनांनी इथल्या हिंदी खंदकांवर हल्ला करून मोठा पट्टा घेतला. पद्धत ठरलेली होती. आपल्या खंदकातून शत्रूच्या दिशेने अरुंद, नागमोडी चर खणत आणायचे, ते अगदी तोंडाशी आले की तिथून हातबॉम्बचा मारा करायचा आणि मागून माणसं लोटायची. पहाटेपूर्वी गमावलेले खंदक परत मिळालेच पाहिजेत असा कोअरच्या मुख्यालयाचा हुकूम सुटला. रात्रभर चाललेल्या त्या लढाईत ३९ व्या गढवाल रायफल्सचा नाईक दरवान सिंग नेगी डोक्याला आणि दंडाला जखमा असताना खंदकाच्या एकेका वळणातून पुढे घुसत राहिला. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे एकाच गावच्या शिवारात, एका रात्रीच्या आणि तिला लागूनच्या दिवसाच्या आत, हिंदी सैन्यातल्या दोघांना हा सन्मान. त्याआधी ३१ ऑक्टोबरला १२९ व्या बलुचीच्या शिपाई खुदादाद खानाने केलेल्या कामगिरीला तो मिळाला होता. हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉससाठी पात्र ठरवलं गेलं तेच १९११ साली.

खंदक परत मिळाले, पण जर्मनांनी खणून आणलेले चर जागेवरच राहिले. पूना हॉर्सच्या वाट्याला जो तुकडा आला त्यात नेमका असा एक चर येऊन भिडलेला होता, आणि तिथे खंदकाच्या भिंतीला भगदाड पडलेलं होतं.

चर

परिस्थिती नीट डोळ्यांसमोर आणू. तुमच्या खंदकाच्या भिंतीत भोक आहे. त्या भोकातून एक चर सरळ शत्रूकडे जातो. चरात थोड्या अंतरावर, पहिल्या वळणाशी, जर्मनांनी मातीच्या पोत्यांचा आडवा बांध घातला आहे. बांधात गोळी झाडण्यापुरतं छिद्र ठेवलं आहे. आपल्या गडांच्या तटाला असतात ना जंग्या, तशीच ती. बांधाआड बसलेला माणूस तुमच्यावर हातबॉम्ब टाकू शकतो, जंगीतून गोळी घालू शकतो, आणि तुम्हाला तो दिसतही नाही. स्वार अब्दुल्ला खान पुढे सरपटत जाऊन हे सगळं बघून आला. या प्रकरणातला पहिला धोका त्याने पत्करला आणि पुढचा सगळा बेत त्याने आणलेल्या खबरीवर उभा राहिला.

आता मार्ग काय होते? भगदाड पोत्यांनी बुजवून गप्प बसता आलं असतं. ते काम डी पासने करूनही घेतलं. पण बॉम्ब पोत्यांवरून येतच राहिले. तोफखान्याला सांगता आलं असतं, पण इतक्या जवळच्या लक्ष्यावर मारा करायला गेलं की गोळा आपल्याच खंदकात पडण्याची भीती. रात्री मोठी तुकडी घेऊन चरात घुसणं? चर एका माणसाच्या रुंदीचा. पुढचा पडला की मागचे अडकले. हाताशी खंदकयुद्धाची साधनंही धड नव्हती. १९१४ च्या हिवाळ्यात ब्रिटिश बाजूचे हातबॉम्ब म्हणजे बरेचदा जॅमच्या रिकाम्या डब्यात दारू आणि लोखंडाचे तुकडे भरून केलेली जुगाडं. जर्मनांकडे कारखान्यात बनलेले बॉम्ब होते.

राहिला एकच उपाय : दोन-तीन माणसांनी चुपचाप जायचं, बांधाला स्फोटक लावायचं, उडवायचं, परत यायचं. त्यासाठी अंगात धमक लागते हे तर झालंच. पण किती स्फोटक लागेल, ते कुठे ठेवायचं, वात किती लांब ठेवायची, हे ठाऊक असलेला माणूसही लागतो. घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये असा अधिकारी सहसा सापडत नाही. पूना हॉर्समध्ये तो होता, कारण तो वूलिचमधून आला होता.

डी पास स्वार फतेह खान आणि स्वार फर्मान शाह यांना घेऊन चरात उतरला. तिघं सरपटत बांधापर्यंत पोहोचले. स्फोटक त्याने थेट शत्रूच्या जंगीतच बसवलं. आपल्या बचावासाठी ठेवलेलं छिद्रच जर्मनांच्या बांधाचा कच्चा दुवा ठरला, आणि हे हेरणं तोफखान्याच्या डोक्याचं काम. पलीकडून बॉम्ब आला, तो त्याच्या मागे फुटला आणि त्याला काही झालं नाही. वात पेटली, बांध उडाला. चराचा तेवढा भाग उघडा पडला आणि बॉम्ब फेकणाऱ्याची आड गेली. तिघंही जिवंत परतले.

नंतरची गोष्ट जखमी माणसाची. शेजारच्या ७ व्या ड्रॅगून गार्ड्सच्या खंदकाकडे जात असताना डी पासला उघड्यावर पडलेला एक हिंदी शिपाई दिसला. भर दिवसा, बंदुकांच्या टप्प्यात, तो आणि ड्रॅगून गार्ड्सचा कुक नावाचा ट्रूपर बाहेर पडले आणि त्या शिपायाला उचलून आत घेऊन आले.

ही दोन कामं एकाच गॅझेटच्या वाक्यात शेजारी बसली असली तरी त्यांची जात वेगळी आहे. पहिल्यात हिशेब होता. दुसऱ्यात हिशेब केला असता तर कुणी बाहेर पडलंच नसतं. सैनिकी दृष्टीने एका जखमी शिपायासाठी अधिकारी पणाला लावणं महागात पडणारं. पण विरळ रांगेत, परक्या देशात, थंडीने बधिर झालेल्या माणसांसमोर ते घडलं याचा परिणाम कुठल्याही हिशेबात धरता येत नाही. हिंदी पलटणींत ब्रिटिश अधिकारी मोजकेच असत. त्यांतला एक आपल्यातल्या एकासाठी बाहेर पडतो, आणि तो जखमी आपल्या रेजिमेंटचाही नसतो, ही बातमी खंदकात वाऱ्यासारखी पसरली असणार असं मला वाटतं.

'त्याच दिवशी'

इथपर्यंत कागद आणि घटना हातात हात घालून चालतात. मृत्यूपाशी त्यांची वाट फुटते.

गॅझेट म्हणतं, २४ तारखेलाच, चर पुन्हा काबीज करायच्या दुसऱ्या प्रयत्नात तो पडला. त्याच्या मृत्यूची तारीख मात्र २५ नोव्हेंबर अशी लावली जाते. घोडदळाच्या बाजूने सांगितली जाणारी हकीकतही जरा निराळी आहे : चरावर पुन्हा चालून जायची त्याची तयारी होती, पण तो गेला तो चराच्या तोंडाशी. तिथल्या मोडक्या भिंतीची डागडुजी बघायला आणि समोरच्या नेमबाजांचा अंदाज घ्यायला तो आला असताना डोक्यात गोळी लागून.

फरक बारीक वाटेल, पण नाही. हल्ला करताना मेलेला वीर आणि पोती नीट लागली आहेत का हे बघताना मेलेला अधिकारी, या दोन चित्रांतलं कुठलं चित्र सन्मानपत्राला हवं असतं हे उघड आहे. कोणी मुद्दाम खोटं लिहिलं असं मला म्हणायचं नाही. मागच्या मुख्यालयात बसून दोन-तीन दिवसांच्या धुमश्चक्रीचा कागद तयार करणाऱ्याने घटना एका दिवसात आणि एका ओघात बसवल्या, इतकंच. कागदाला सुरुवात, मध्य आणि शेवट लागतो. खंदकातला मृत्यू बहुतेक वेळा असा नसायचा. १९१४-१५ च्या त्या हिवाळ्यात नेमबाजाची गोळी हे मरणाचं अगदी नेहमीचं कारण होतं. डोकं वर न काढता बाहेर बघायचे पेरिस्कोप तेव्हा दुर्मिळ. ज्या जागेला भगदाड पडलंय तिथेच दुरुस्ती लागते, आणि ज्याला भगदाड ठाऊक आहे तो नेमबाज तिथेच नेम धरून बसलेला असतो.

मला विचाराल तर नेमबाजाची हकीकत डी पासला लहान करत नाही. ज्या माणसाने आदल्या दिवशी बांध उडवला तोच दुसऱ्या दिवशी आपला बांध तपासायला गेला. दोन्ही कामं एकाच स्वभावाची आहेत. तो जे करायचा ते स्वतः बघून करायचा. पहिल्या दिवशी या सवयीने काम फत्ते झालं, दुसऱ्या दिवशी तिनेच त्याला नेमक्या त्या जागी नेऊन उभं केलं.

त्याला बेत्यूनच्या गावातल्या दफनभूमीत पुरण्यात आलं.

कोणाला काय मिळालं

डी पासला व्हिक्टोरिया क्रॉस. त्याच्याबरोबर चरात गेलेल्या फतेह खान आणि फर्मान शाहला, आणि सर्वांत आधी एकट्याने जाऊन आलेल्या अब्दुल्ला खानला, १९०७ पासून हिंदी सैनिकांसाठी असलेलं इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल. दर्जाने ते बऱ्याच पायऱ्या खाली. बेत आखणारा आणि स्फोटक लावणारा डी पास होता, म्हणून मोठा सन्मान त्याचा, हा युक्तिवाद मला पटतो. पण चरातला बॉम्ब तिघांच्याही मागे-पुढे फुटत होता, आणि गॅझेटचं वाक्य असं रचलंय की वाचणाऱ्याला वाटावं, माणूस एकटाच गेला. नियम आडवा नव्हता. खुदादाद खान आणि दरवान सिंग ही दोन उदाहरणं त्याच महिन्याभरातली होती.

'पहिला ज्यू'

आता त्या नावाकडे वळू, जे गॅझेटमध्ये नाही आणि आज सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिलं जातं.

ज्यू लढत नाहीत, ते पैसा सांभाळतात, ही युरोपातली जुनी कुजबुज. तिला उत्तर द्यायला ब्रिटनमधल्या ज्यू समाजाला ठोस नावं हवी होती आणि डी पासचं नाव त्यासाठी चोख होतं. युद्धानंतर १९२२ साली ब्रिटिश ज्यूंनी आपल्या सैनिकांच्या नोंदींचा मोठा ग्रंथच काढला. पलीकडच्या बाजूचं चित्र पाहिलं की या खटाटोपामागची निकड कळते. प्रशियाच्या सैन्यात युद्धापूर्वीची जवळजवळ तीस वर्षं ज्यूंना राखीव दलातही अधिकारी होऊ दिलेलं नव्हतं. तरीही युद्ध लागताच जर्मन ज्यू हिरिरीने भरती झाले. मानहाइमचा खासदार लुडविग फ्रँक चाळिसाव्या वर्षी आपणहून बाडेनच्या ग्रेनेडिअर रेजिमेंटमध्ये गेला आणि ३ सप्टेंबर १९१४ ला लोरेनमध्ये मारला गेला. सुमारे एक लाख ज्यू जर्मनीसाठी लढले, १२,००० च्या आसपास मेले. आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये त्याच सैन्याने ज्यू आघाडीवर जायचं टाळतात का हे तपासण्यासाठी ज्यूंची शिरगणती काढली. युद्ध चालू असेतो तिचे आकडे बाहेर आलेच नाहीत. अशा काळात 'पहिला ज्यू व्हिक्टोरिया क्रॉस' हे शब्द लोक छातीशी धरतात ते उगाच नाही.

पण मराठी वाचक म्हणून मला या शब्दांची दुसरी बाजू दिसते. मुंबई इलाख्याच्या सैन्यात ज्यू आधीपासून होते, आणि ते मराठी बोलत होते. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपले शनिवार तेली, कंपनीच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या शिपाई, नाईक, सुभेदार म्हणून नोकरी करत आले. मुंबईतली त्यांची पहिली शनवारांची मशीद, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली ज्यांनी बांधली ते सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेतलेच, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मात्र ही परंपरा आटली. मुंबई सैन्यात जातवार कंपन्या बांधायची पद्धत आली. मराठ्यांची कंपनी, मुसलमानांची कंपनी, असं. मूठभर बेने इस्रायलांची कंपनी कशी होणार? ते कुठल्याच खणात बसेनात. शिवाय लढाऊ पलटणीत कितीही वर चढलं तरी हिंदी माणूस सुभेदार-मेजर किंवा रिसालदार-मेजरच्या पुढे जात नसे, आणि तोही सर्वांत कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटच्या खालीच.

तेव्हा १९१४ साली हिंदी सैन्याच्या लढाऊ पलटणीत लेफ्टनंट होण्याच्या वाटेवर ज्यू असणं लंडनच्या डी पासला आडवं आलं नाही. रोह्याच्या किंवा पेणच्या बेने इस्रायलाला आडवं आलं असतं ते त्याचं हिंदी असणं. त्याला ती वाट मुळात खुलीच नव्हती. दोघांचा शनिवार एक, पण फौजेच्या लेखी एक साहेब आणि दुसरा नेटिव्ह. 'ज्यू घोडदळ अधिकारी' म्हणताना पहिल्या शब्दावर कितीही जोर दिला, तरी तिसरा शब्द त्याला मिळाला होता इंग्रज असल्यामुळे. हे डी पासच्या धैर्यातून काही वजा करत नाही. फक्त त्याच्या ज्यूपणाचा फेस्तुबेरच्या चराशी जितका संबंध जोडला जातो तितका तो होता असं मला दिसत नाही. चरात शिरताना त्याला उपयोगी पडली ती वूलिचची शिकवण, अब्दुल्ला खानाची खबर आणि दोन स्वारांची सोबत. धर्माचा प्रश्न त्याच्या मरणानंतर आला, इतरांसाठी.

पुढे

रेजिमेंट १९१८ च्या सुरुवातीपर्यंत फ्रान्समध्ये होती. १९२१-२२ च्या फेररचनेत ३३ वी आणि ३४ वी एकत्र होऊन १७ वी पूना हॉर्स झाली. स्वातंत्र्यानंतर ती भारताकडे आली, घोड्यांच्या जागी रणगाडे आले. १९६५ मध्ये फिल्लौरा-चविंडाच्या लढायांत तिचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, पुण्यात शिकलेले पारशी, आणि १९७१ मध्ये बसंतरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, पुण्यात जन्मलेले, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. एका रेजिमेंटला दोन परमवीर. तारापोरांबद्दल लिहिताना कोणी त्यांना आधी पारशी म्हणत नाही, आधी पूना हॉर्सचे म्हणतात.

डी पासचा क्रॉस लंडनमध्ये चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. शंभर वर्षं पुरी झाल्यावर, २४ नोव्हेंबर २०१४ ला, लंडनमध्ये व्हाइटहॉलच्या संरक्षण मंत्रालयापाशी त्याच्या नावाची फरशी बसवण्यात आली. फरशीसाठी तारीख निवडली गेली ती कामगिरीची.

गॅझेटच्या त्या पहिल्या वाक्यात उघड्यावर पडलेला जो जखमी आहे, त्याला तिथे नाव नाही, पलटण नाही, हिंदी होता एवढंही लिहिलेलं नाही. नुसतं 'एक जखमी माणूस'.